गेला तो एकच कागद

१

चोरानं पासपोर्ट ठेवला होता. पगाराचे दाखले, विम्याचे कागद, कंपनीचं पत्र, दोन फोटो, सगळं पिवळ्या पाकिटात जिथल्या तिथं होतं. नेला होता तो एकच कागद.

प्यो ओकबुननं पाकीट तिसऱ्यांदा जमिनीवर उपडं केलं आणि एकेक पान बाजूला काढत गेली. जुलैचा रविवार होता. सकाळचे नऊ वाजले नव्हते तरी पाठीला घाम फुटला होता.

"तू पण चार वेळा बघ," लासे म्हणाला. "मी चार वेळा बघितलं. नाही तो."

चाळिशी उलटलेला माणूस, पण कोरियन शिकला होता डेन्मार्कातल्या संध्याकाळच्या वर्गात. त्यामुळे थोरामोठ्यांना सरसकट अरेतुरे करायचा. चेहरा इथलाच. लहानपणी दत्तक म्हणून परदेशी गेला आणि या एप्रिलमध्ये एक चुरगळलेलं पत्र हातात घेऊन छोन मालसुनच्या दारात येऊन उभा राहिला. पत्र मालसुननंच लिहिलेलं होतं, चाळीस वर्षांपूर्वी देऊन टाकलेल्या लेकाला. सगळ्या योंगदो बेटानं तेव्हा डोळे पुसले होते.

लासेची नोकरी तिकडची. वरच्या अडगळीच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा, काम इथून आणि पगार डेन्मार्कातून. अशा माणसांसाठी सरकारनं वेगळा व्हिसा काढलाय, आणि त्याचा अर्ज ओकबुननं तयार केला होता. गोदीमागच्या गल्लीत तिचं अर्ज भरून द्यायचं दुकान. त्याआधी बावीस वर्षं ती सरकारी खिडकीच्या आत बसलेली. खोटा कागद तिला वासावरून कळतो, असं लोक म्हणत, आणि ती ते कधी नाकारत नसे.

गेलेला कागद म्हणजे डेन्मार्कच्या पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. तिकडच्या मंत्रालयाचा शिक्का मारून आलेला, अस्सल. नवा मागवायचा तर सहा आठवडे. अर्ज द्यायची वेळ उद्या सकाळी दहाची, आणि लासेचे बिनव्हिशाचे नव्वद दिवस बुधवारी संपत होते.

"पाकीट कुठं होतं?"

"माझ्या रजयांच्या पेटीत," मालसुन म्हणाली. ती दाराशी बसून मोड आलेल्या सोयाबीनच्या शेपट्या खुडत होती. बहात्तरीची बाई, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. तरुणपणी गोदीत जहाजांचा गंज हातोडीनं ठोकून काढायची. त्या ठोकाठोकीत कान गेले, आता यंत्र लावते. "मीच म्हटलं, माझ्याकडे दे. वर दारुडा भाडेकरू राहतो. किल्ली माझ्या गळ्यात असते."

"कधीच काढत नाही?"

"काल बाजारातल्या सार्वजनिक न्हाणीघरात काढली. मीरानच्या हातात दिली होती."

मीरान म्हणजे तिची मुलगी. गेले दोन महिने तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं, हे ओकबुनला ठाऊक होतं. मग काल अचानक आईची पाठ चोळायला ती कशी काय आली?

२

मीरानचं बाजारात केस कुरळे करायचं दुकान होतं. एका बाईच्या डोक्याला गुंडाळ्या लावता लावता ती बोलत होती.

"मावशी, तुम्ही मलाच विचारायला येणार, हे मला ठाऊक होतं. आई म्हणाली असेल, किल्ली मीरानकडे होती. होती! तासभर मनगटात घालून बसले होते. आई गरम पाण्यात, मी तिच्या शेजारी. धावत घरी जाऊन पेटी उघडून परत आले असेन, तेही उघडीबोडकी?"

गुंडाळ्यांतली बाई खिदळली.

"पण तो जावा असं तुला वाटतं."

"वाटतं. चोरून कशाला ठेवू?" मीराननं कंगवा आपटला. "मी पाच वर्षांची होते मावशी. बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत. आईनं इनसूला पाठीवर बांधलं आणि घेऊन गेली. परत आली ती नुसतं कापड घेऊन. मला सांगितलं, तो पाव खायला गेलाय. मी वर्षभर विचारत होते, त्याचा पाव संपला का. मला ठेवलं, तर मी कामाला जुंपली गेले. त्याला टाकलं, तर तो देव झाला! बुद्धजयंतीला जन्मलेला ना तो. दर वर्षी कंदील लागले की आई वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सार करायची आणि एक वाडगा रिकाम्या जागेपुढं मांडायची. माझ्या वाढदिवसाला चार वेळा विसरली, त्याच्या एकदाही नाही."

"यंदा तर प्रत्यक्ष लेकच समोर बसला असेल."

"यंदा?" मीरान हसली. "यंदा मला मुद्दाम जेवायला बोलावलं. म्हटलं, आता बघायचा सोहळा. तर केल्या साध्या शेवया. सार नाही, काही नाही. देव घरी आल्यावर नैवेद्य कशाला, असं असेल. तेव्हापासून गेले नाही मी. काल तिनंच फोन केला, पाठ चोळायला ये म्हणून."

ओकबुन उठली. दाराशी पोचल्यावर मीराननं मागून हाक मारली.

"मावशी, आम्ही न्हाणीघरात असताना घरी कोण होतं, ते नाही विचारलंत?"

३

घरी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू होता. योम. एके काळी जहाजं रंगवायचा, आता नाक रंगवून बसतो. ओकबुन गेली तेव्हा तो पायऱ्यांवर सुकट चघळत होता.

"या प्योबाई. हातकड्या आणल्यात?"

"योमदादा, तुमची खोली लासेला द्यायची ठरलीय म्हणे."

"त्याला व्हिसा मिळाला की मी रस्त्यावर. नऊ वर्षं राहिलो. म्हातारीच्या नळाचं गळणं मी थांबवलं, छपराला डांबर मी फासलं. लेक आला आणि मी उपरा झालो."

"म्हणजे कारण आहे."

"कारण आहे, अक्कल नाही." योमनं हात झटकले. "त्या पाकिटात काय काय होतं?"

"वीसेक पानं."

"कुठल्या भाषेत?"

"डॅनिश. थोडी इंग्रजी."

"आणि चोरानं त्यातलं एकच काढलं? बाई, मला आपल्या लिपीतली वीजबिलं वाचताना घाम फुटतो. मी असतो तर अख्खं पाकीट उचललं असतं आणि समुद्रात भिरकावलं असतं. एक पान निवडत बसायला मी काय प्राध्यापक आहे?"

ओकबुन पायरीवरच थबकली. बावीस वर्षं खिडकीत बसलेली बाई, आणि हे एका दारुड्यानं सांगावं लागलं. बाकीची सगळी पानं ती तासाभरात पुन्हा छापून घेऊ शकली असती. नेमकं जे वेळेत पुन्हा मिळणार नव्हतं तेच गेलं होतं. चोराला पानं वाचता आली नसतील, पण कुठलं पान महत्त्वाचं हे त्याला आधीच ठाऊक होतं.

आणि ते या जगात ओकबुननं एकदाच तोंडानं सांगितलं होतं.

४

गुरुवारी, तिच्या दुकानात. तिनं सगळ्याच कागदांना रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या दाखल्याला लाल, आणि त्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, "हा जीव आहे. बाकी सगळं हरवलं तरी चालेल, हा हरवला की गाशा गुंडाळ."

समोर लासे होता. शेजारी मालसुन कलिंगडाची फोड खात होती, पण तिचं कानातलं यंत्र टेबलावर पडलेलं. उकाड्यानं कानात खाजतं म्हणून तिनं ते काढून ठेवलं होतं. म्हणजे ऐकणारा एकटा लासे.

स्वतःचाच कागद कोण चोरतो? ज्याला राहायचं नाही पण तसं सांगायचं धाडस नाही, तो. ओकबुननं फोन करून लासेला दुकानात बोलावलं आणि पंखा बंद केला. पंखा बंद केला की माणूस लवकर बोलतो, असा तिचा अनुभव होता.

"तुला इथं राहायचंच नाही."

"मला राहायचं आहे!" लासेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सकाळी उठतो, आई मासा भाजते, काटे काढून देते. माझ्यासाठी आयुष्यात कुणी काटे काढले नाहीत. मी कागद का चोरू?"

ते खरं होतं. खोट्याचा वास नव्हता. पण ओकबुनला दुसरा एक जुना वास आठवला. मे महिन्यात तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं होतं, बाबा, इथं जन्मलेल्यांसाठी निराळा व्हिसा असतो, सोपा, लांब मुदतीचा, पगाराची अट नाही. तो म्हणाला होता, "मला माझ्या कमाईवर राहायचं. दयेवर नको." तेव्हा तिला त्याचं कौतुक वाटलं होतं.

"त्या सोप्या व्हिशाला इथली कागदपत्रं लागतात," ती हळूच म्हणाली. "दत्तक संस्थेतली. आपल्या लिपीतली, मला वाचता येणारी. या व्हिशाला लागतात ती सगळी तिकडची. लासे, तुझ्या दत्तकाच्या कागदावर आईचं नाव काय आहे?"

तो टेबलाची कड नखानं खरवडायला लागला.

"नाव सांग."

"नाव नाही," तो म्हणाला. "कूपोच्या बाजारात सापडला. एवढंच."

ओकबुनच्या पाठीवरचा घाम गार झाला. म्हणजे हा इनसू नव्हेच. पण मग त्याला राहायची गरज सगळ्यात जास्त. कागद त्यानं घेतलेला नाही. आणि गुरुवारी तिसरं माणूस तर बहिरं होतं.

बहिरं? ओकबुनची स्वतःची आई त्याच गोदीत गंज ठोकायची. पोलादावर शंभर हातोड्या पडत असताना त्या बायका दिवसभर गप्पा कशा मारायच्या, हे तिनं लहानपणी बघितलं होतं.

"ऊठ," ती लासेला म्हणाली. "आणि मी हाक मारीपर्यंत अंगणात थांब."

५

मालसुन खोलीत उशीला टेकून बसली होती.

"मालसुनताई, यंत्र काढा जरा."

म्हातारीनं यंत्र काढून गुडघ्यावर ठेवलं. ओकबुन तिच्या समोर बसली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले : कागद कुठं ठेवलाय?

मालसुनची नजर तिच्या ओठांवर होती.

"उशीत," ती म्हणाली. आणि यंत्र परत कानात घातलं.

"मीरानला न्हाणीघरात मुद्दाम बोलावलंत. किल्ली तिच्या हातात दिसावी म्हणून. पोटच्या पोरीवर आळ घेतलात."

"तिच्यावर आणखी एक. तिला सवय आहे."

"यंदा बुद्धजयंतीला सार का केलं नाहीत?"

"ज्याचा वाढदिवस तो घरात होता का?" मालसुनचा आवाज कोरडा होता. "पहिल्या दिवशी यानं दारात मोजे काढले. इनसूच्या डाव्या पायाची दोन बोटं जोडलेली होती. चौदा महिने पाठीवर वागवला मी त्याला, मला ठाऊक नसणार?"

"मग घरात का घेतलंत?"

"माझं पत्र याच्या हातात होतं. म्हणजे माझा कुठाय हे याला ठाऊक. म्हटलं, विचारलं तर पळेल. खाऊ घालते, माया लावते, जायची वेळ आली की रडेल आणि बोलेल. नव्वद दिवस मासा निवडून वाढला. तर हा मेला राहायचीच तयारी करायला लागला. राहिला असता तर जन्मात बोलला नसता."

ओकबुननं हाक मारली. लासे आत आला आणि दारातच गुडघ्यांवर बसला. अंगणात त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"आई, तू रागावू..."

"आई म्हणू नकोस. माझा कुठाय? मेला का?"

लासेनं मान वर केली. एक क्षण ओकबुनकडे बघितलं, मग म्हातारीकडे.

"हो," तो म्हणाला. "मेला. आजारी होता. शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होता."

मालसुननं डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. चाळीस वर्षं घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी तिनं सोडून दिलं, असं वाटलं.

इथं ओकबुननं गप्प बसायला हवं होतं. पुढं किती तरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण खिडकीतली सवय वाईट. खोटं समोर आलं की जीभ आपोआप चालायची.

"कधी मेला?"

"तीन... तीन वर्षं झाली."

"पत्र मागच्या शरदातलं. दत्तक संस्थेनं त्याच्या घरी पाठवलं आणि पोच आली, ती मी स्वतः ताईंना वाचून दाखवली. मेलेल्यानं सही करून पत्र घेतलं?"

मालसुननं डोळे उघडले.

लासे रडायला लागला. त्याची कोरियन पार मोडली, पण जे निघालं ते पुरेसं होतं. इनसूचं तिकडचं नाव मॉर्टेन. तो जिवंत होता. दोन मुलं होती, समुद्राकाठी घर होतं, स्वतःची कंपनी होती. लासे त्याच कंपनीत कामाला. पत्र आलं त्या दिवशी मॉर्टेननं लासेकडून ते वाचून घेतलं, कारण त्याला ही भाषा येत नव्हती. ऐकलं, हसला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"मी डब्यातून काढलं," लासे म्हणाला. "मी बाजारात सापडलेला, मला कुणी कधी पत्र लिहिलं नाही. तो म्हणाला, तुला हवीय का आई? घे. तू तिथं गेलास तर ती मला परत लिहिणार नाही. काम तिथून कर, मी सही देतो."

"सही?" मालसुन म्हणाली.

मग ओकबुननं पिवळ्या पाकिटातून कंपनीचं पत्र काढून तिच्यापुढं ठेवलं. हा माणूस परदेशात राहून आमचं काम करील, त्याला आमची परवानगी आहे. खाली निळ्या शाईची एक तिरपी रेघ. हे पत्र ओकबुनच्या टेबलावर तीन आठवडे पडून होतं.

म्हातारीनं त्या रेघेवर बोट ठेवलं. बोट फिरवत राहिली.

"हे त्यानं हातानं लिहिलं?"

"हो."

"असं पत्र परत लागतं का?"

"व्हिसा एक वर्षाचा," ओकबुन म्हणाली. "मुदत वाढवताना नवं पत्र लागतं. एक वर्ष वाढतं. त्यापुढं नाही."

"म्हणजे दोनदा." मालसुननं उशीची शिवण टराटरा उसवली. उशीत भरलेला धान्याचा कोंडा भसाभसा जमिनीवर सांडला आणि त्यातून लाल चिठ्ठीचा कागद तिनं ओढून काढला. "उद्या दहाला नेऊन दे. आणखी एकदा तरी त्याला माझ्यापायी लेखणी उचलावी लागू दे."

"आणि हा?" ओकबुननं विचारलं.

मालसुननं लासेकडे बघितलं, नव्वद दिवसांत पहिल्यांदाच काही लपवून न ठेवता.

"तुझी आई तुला बाजारात टाकून गेली, आणि माझ्या लेकानं तुला माझ्या अंगावर टाकला. दोन वर्षं राहा. गल्लीत चारचौघांत मला आई म्हणायचं, लोकांना वाटू दे. दाराच्या आत म्हणायचं नाही. मासा तुझा तू निवडायचा."

लासेनं दोन्ही हात जमिनीला टेकवून मान खाली घातली. "हो," तो म्हणाला. तो खरंच हो म्हणाला, याचंच ओकबुनला सगळ्यात भय वाटलं.

६

सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांचा क्रमांक लागला.

खिडकीतली मुलगी चटपटीत होती. तिनं एकेक कागद उलटला, दाखल्यावरचा शिक्का उजेडात धरून बघितला, कंपनीच्या पत्रावर खूण केली. सगळं ठीक होतं.

"राहण्याच्या जागेचा कागद?"

ओकबुननं तो पुढं केला. घरमालकानं भरून द्यायचा एकपानी कागद. मालसुननं तो पहाटे स्वतः लिहून लाखेच्या रंगाचा आपला शिक्का मारून दिला होता. अक्षरं दाबून काढलेली, कागदाला मागून फोड आलेले.

"इथं राहणाऱ्याचीही सही लागते," मुलगी म्हणाली. "आधी वाचून घ्या."

लासेनं कागद जवळ घेतला. अक्षरं तो बोट ठेवून वाचायचा. नाव, पत्ता, किती दिवसांसाठी. मग 'नातं' असं छापलेल्या चौकटीपाशी बोट थांबलं.

"भा... डे... क... रू," त्यानं जोडलं आणि ओकबुनकडे वळला. "हा शब्द मला शिकवला नव्हता. म्हणजे काय?"

ओकबुनच्या तोंडात उत्तर तयार होतं. घरात राहणारा, एवढंच ती सांगणार होती. काल जे केलं त्यावर निदान तेवढी फुंकर. तिनं तोंड उघडलंही.

पण खिडकीतली मुलगी तिच्यापेक्षा तरतरीत निघाली. परदेशी माणसाला मदत करायची म्हणून ती हसून पुढं झुकली आणि स्वच्छ इंग्रजीत तिनं त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

लासेनं मान हलवली. तिचे आभार मानले आणि सही केली.